डबा पाहून झाला, आता रॉडचं माप द्या

प्रति,
मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली



मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात इंजिनांचं मशीनिंग करतो. ब्लॉक बोअर करणं, क्रँक ग्राइंड करणं, हेडचं फेसिंग आणि कनेक्टिंग रॉड तपासून ठेवायचा की बाद करायचा हे सांगणं, हे आमचं रोजचं काम. गाडीचा मालक आमच्याकडे सहसा येत नाही. येतो तो त्याचा मेकॅनिक, सुटं केलेलं इंजिन टेम्पोत घालून. मालकानं त्याला विचारलेला प्रश्न तो आम्हाला विचारतो: "नवा रॉड घेतलाय, पण चालेल ना?" हा प्रश्न आता आपल्याला विचारावा म्हणून हे पत्र.

गाड्यांचा विषय म्हणजे परिवहन मंत्रालयाचा, असं कुणी म्हणेल. पण रस्त्यावर गाडी कशी चालावी हा त्यांचा विषय, आणि दुकानदारानं विकलेला माल तो सांगतो तसाच आहे की नाही हा आपला. वजनमापांचा कायदा आपल्याकडे, भारतीय मानक ब्युरो आपल्याकडे, 1912 पासून चालत आलेली राष्ट्रीय परीक्षणशाळा आपल्याकडे, ग्राहकांची 1915 ही हेल्पलाइन आपल्याकडे. 24 डिसेंबर 2022 च्या राष्ट्रीय ग्राहक दिनी सुरू झालेलं 'दुरुस्तीच्या हक्का'चं पोर्टलही आपलंच, आणि त्यात शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं यांच्याबरोबर मोटारगाड्याही आहेत. म्हणून ही तक्रार योग्य दारात आली आहे अशी माझी समजूत आहे.

आधी या भागाविषयी थोडं. पिस्टन वर-खाली जातो, क्रँक गोल फिरतो आणि दोघांना जोडणारा दांडा म्हणजे कनेक्टिंग रॉड. त्याचं वरचं लहान तोंड गजन पिनेवर बसतं, खालचं मोठं तोंड क्रँकवर. मोठं तोंड दोन तुकड्यांचं असतं: रॉड आणि त्याची कॅप. आत बेअरिंगची दोन शेलं, आणि सगळं आवळून धरणारे दोन बोल्ट. बॉनेट उघडलं तरी हे काही दिसत नाही. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायर यांची नावं मालकाला पाठ असतात. कनेक्टिंगचं नाव तो पहिल्यांदा ऐकतो ते "साहेब, कनेक्टिंगनं ब्लॉक फोडला" या वाक्यात.

या दांड्यावर काय येतं त्याचा हिशेब करता येतो. 75 मिलिमीटर स्ट्रोकचं साधं पेट्रोल इंजिन घ्या, मिनिटाला 6,000 फेऱ्यांवर. पिस्टन सेकंदाला 100 वेळा वर जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो. त्या वरच्या टोकाला त्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 1,900 पट भरतं. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून 400 ग्रॅम धरले, तरी रॉडला पाऊण टनाची ओढ बसते. एक्झॉस्टच्या फेरीत पिस्टनला वरून रेटणारा दाब जवळजवळ नसतो, त्यामुळे ही सगळी ओढ दांड्यावर आणि त्या दोन बोल्टांवर येते. पुढच्याच फेऱ्यांत ज्वलनाचा दाब त्याच रॉडला उलटा चेपतो. ओढ आणि चेप, हे गाडीच्या आयुष्यात कोट्यवधी वेळा. पोलादात बारीकसा दोष असेल, बोल्टाच्या खाचेत ओरखडा असेल, तर भेग तिथूनच पडायला लागते. ब्रेक पॅड निकृष्ट निघाला तर तो आवाज करतो, लवकर झिजतो, काहीतरी सूचना देतो. रॉड बहुधा काही सांगत नाही, एकदम तुटतो. हमरस्त्यावर, वेगात असताना.

रॉड बदलायची वेळ मुख्यतः दोन कारणांनी येते. एक, ऑइल कमी पडलं किंवा पंपानं दगा दिला, बेअरिंग क्रँकला चिकटलं आणि मोठं तोंड तापून निळं-जांभळं पडलं. असा रॉड आम्ही मापायलाही घेत नाही, बाजूला टाकतो. दुसरं कारण पाणी. आमच्याकडे ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 चे महापूर झाले. मुंबईकरांना 26 जुलै 2005 चा दिवस आठवत असेल, चिपळूणकरांना 22 जुलै 2021 चा. पाण्यात इंजिन चालू राहिलं की हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये शिरतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो रॉड. डोळ्याला दिसेल इतका वाकलेला परवडला, तो लगेच बदलला जातो. वाईट तो, जो अर्ध्या मिलिमीटरनं आखूड होतो. इंजिन सुरू होतं, गाडी घरी जाते आणि काही महिन्यांनी तोच रॉड तुटून बाहेर येतो. म्हणून पुरातून आलेल्या गाडीचं हेड उघडलं की चारही पिस्टन आळीपाळीनं वरच्या टोकाला आणून डायल गेजनं त्यांची उंची मोजावी लागते. एखादा पिस्टन बाकीच्यांपेक्षा खाली राहत असेल तर रॉड बाद. वाकलेला रॉड प्रेसवर सरळ करून परत बसवायची पद्धत एकेकाळी सर्रास होती. आता ती करू नये, कारण वाकताना पोलादात पडलेला ताण सरळ केल्यानं जात नाही.

मग नवा रॉड आणायचा कुठून? बाजारात पाच वाटा आहेत. पहिली, गाडीच्या कंपनीच्या नावाचा डबा. दुसरी, जो कारखाना कंपनीला रॉड पुरवतो त्याचाच माल, पण त्याच्या स्वतःच्या नावानं. तिसरी, स्वतंत्र कारखानदाराचा माल. राजकोटपासून पंजाबपर्यंत आणि आमच्याही आसपास असे कारखाने आहेत, आणि त्यांत उत्तम काम करणारेही आहेत. चौथी, भंगारात गेलेल्या गाडीतून काढलेला जुना रॉड, जो कुर्ल्यात किंवा दिल्लीच्या मायापुरीत मिळतो. पाचवी, कंपनीच्या नावाचा डबा आणि आत भलतंच काही.

या पाचांत गुन्हा फक्त पाचवीत आहे. तिसऱ्या वाटेला गॅरेजात सरसकट 'लोकल' किंवा 'डुप्लिकेट' म्हणतात, तो अन्याय आहे. स्वतःच्या नावानं रॉड विकणारा कारखानदार चोर नाही. चोर तो, जो दुसऱ्याच्या नावानं विकतो. त्याच्यासाठी 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात तुरुंगवासाची तरतूद आहे, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही बनावट मालाची व्याख्या आणि शिक्षा आहे. कायदा आहे. पण रॉड हातात घेतल्यावर तो या पाचांतला कोणता आहे आणि चांगला की वाईट, हे सिद्ध करायला लागतं ते माप आमच्याजवळ नाही.

एक प्रसंग सांगतो. मध्यंतरी एका मेकॅनिकनं चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनाचे चार नवे रॉड आणले. डबे एकदम झकास. होलोग्राम चकाकतो, क्यूआर स्कॅन केला की कंपनीचं पान उघडतं, छापील किंमत, उत्पादनाचा महिना, ग्राहक सेवेचा नंबर, सगळं जागच्या जागी. रॉड टेबलावर काढले. आधी वजन: 512 ग्रॅम, 513, 512 आणि चौथा 524. मग एक तोंड टेकवून दुसरं तोंड काट्यावर लटकतं ठेवून वजन केलं, तेव्हा चौथ्याचा जादा भार सगळा मोठ्या तोंडाकडे आहे हे कळलं. एकूण वजन सारखं करून भागत नाही. मोठं तोंड क्रँकबरोबर फिरतं, लहान तोंड पिस्टनबरोबर वर-खाली जातं. दोन्हींचा भार वेगवेगळा जुळवावा लागतो, नाहीतर इंजिन थरथरतं आणि बेअरिंगं मार खातात.

पुढे शेलं न घालता कॅप चढवल्या, बोल्ट आवळले आणि बोअर गेजनं मोठ्या तोंडाचा व्यास तीन दिशांनी घेतला. तिघांचं माप एका शतांश मिलिमीटरच्या आत होतं. चौथा, कॅपच्या सांध्याजवळ, 0.03 मिलिमीटरनं मोठा. माणसाच्या केसाची जाडी साधारण 0.07 मिलिमीटर, म्हणजे हा फरक अर्ध्या केसाहून कमी. तरी तो क्षुल्लक नाही, कारण क्रँक आणि बेअरिंग यांच्यात ऑइलची जी फट असते तीच कितीतरी इंजिनांत 0.02 ते 0.05 मिलिमीटर ठेवलेली असते. नंतर दोन्ही तोंडांत मँड्रेल घालून वाक आणि पीळ पाहिला. शेवटी लाल रंगाचा पेनिट्रंट फवारून, पुसून, वर पांढरा डेव्हलपर मारला. भेग असती तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटली असती. ती उमटली नाही.

आता निकाल काय द्यायचा? चौथा रॉड बाद, असं माझा हात सांगतो. पण मेकॅनिक विचारतो, "कंपनीची लिमिट किती आहे?" आणि ती मला माहीत नाही. कितीतरी इंजिनांच्या मॅन्युअलमध्ये 100 मिलिमीटर लांबीला 0.05 मिलिमीटर वाक आणि 0.10 मिलिमीटर पीळ अशी मर्यादा असते, ती आम्ही अंदाजानं सगळ्यांना लावतो. या इंजिनाची मर्यादा मात्र अधिकृत डीलरच्या लॉगिनमागे आहे. या चार रॉडांचा वजनाचा गट कोणता असायला हवा होता, तेही तिथेच. बोल्ट एकदाच वापरायचे की परत चालतात, किती आवळून पुढे किती अंश फिरवायचे, तेही तिथेच.

तो रॉड परत करायला मेकॅनिक दुकानात गेला. दुकानदारानं बोल्टाच्या माथ्यावरची पान्याची खूण पाहिली आणि म्हणाला, "उघडलेला माल परत होत नाही." म्हणजे रॉड खरा आहे का हे पाहायचं तर तो उघडावा लागतो, आणि उघडला की तो आपलाच. दुकानदाराच्या बाजूनंही हा नियम निरर्थक नाही, कारण इंजिनात चालवून परत आणणारे महाभाग आहेतच. पण या नियमामुळे बाजारातला जवळजवळ प्रत्येक रॉड न मापता इंजिनात जातो. मेकॅनिक मापायचं टाळतो, कारण मापून दोष सापडला तर भुर्दंड त्याच्याच माथी.

इथे आमच्या उद्यमनगरी अनुभवाची एक गोष्ट सांगतो, जी कंपन्यांच्या कचेऱ्यांत फारशी कुणाच्या ध्यानात येत नसावी. कंपनी माप देत नाही, तेव्हा स्वतंत्र कारखानदार काय करतो? बाजारातून एक रॉड आणतो आणि त्यावरून साचा, फिक्स्चर आणि मापं काढतो. तो रॉड पुष्कळदा वापरलेला असतो. म्हणजे त्याच्या नव्या मालात जुन्याची झीज पहिल्या दिवसापासून उतरते. रॉड नवा असला, तरी एका नगावरून सहनमर्यादा कळत नाही. मूळ आराखड्यात एखादं माप 'इतक्यापासून इतक्यापर्यंत' असतं. हातातला नग त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाचा आहे की खालच्या, हे मोजून समजत नाही. कारखानदार त्यालाच मध्य धरतो आणि स्वतःची सूट त्याच्या दोन्ही बाजूंना टाकतो. अर्धा माल पट्ट्याबाहेर जाण्याची सोय तिथेच झाली. त्याचं पोलाद चांगलं, फोर्जिंग चांगलं, नियत साफ, तरीही रॉड बिघडलेला. माप दडवून कंपनीनं नक्कल थांबवली नाही, फक्त वाईट केली.

जुन्या इंजिनांत निदान आमच्या हातात एक उपाय होता. मोठं तोंड लंबगोल झालं तर कॅपचा सांधा किंचित ग्राइंड करायचा, कॅप चढवायची आणि बोअर परत गोल करून मापात आणायचा. कुर्ल्यात बनणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचं 1,089 सीसी इंजिन असो किंवा त्या काळची जीप, अशा रॉडांना आमच्या यंत्रांनी पुन्हा उभं केलं. गेल्या तीन दशकांत मात्र बऱ्याच इंजिनांत रॉड अखंड घडवून त्याचं मोठं तोंड मुद्दाम तडकवून दोन करतात. तडकलेल्या खडबडीत कडा एकमेकींत इतक्या चपखल बसतात की कॅप कणभरही सरकत नाही. युक्ती फार सुंदर आहे, पण तो सांधा ग्राइंड करता येत नाही, आणि एका रॉडची कॅप दुसऱ्याला कधीच बसत नाही. अशा रॉडात बिघाड झाला की बहुधा नवा घेण्यावाचून गत्यंतर नाही. म्हणजे दुरुस्तीचा रस्ता तंत्रानं बंद होत चाललाय आणि खरेदीचा रस्ता माहितीअभावी अंधारात. दोन्ही एकाच वेळी.

भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट 2014 मध्ये 14 कार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग आणि दुरुस्तीची साधनं खुल्या बाजाराला नाकारली, हा ठपका. त्यावर अपिलं झाली, दंडाचा वाद कोर्टकचेरीत गेला. आम्हा छोट्या वर्कशॉपांना दंडाच्या आकड्याशी देणंघेणं नव्हतं, आम्हाला मापं हवी होती. युरोपीय संघात वाहन कंपन्यांना दुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजांना द्यावी लागते, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं 2012 मध्ये त्यासाठी जनमत घेतलं. आपल्याकडे पोर्टल झालं, हे चांगलंच झालं. पण पोर्टलवर ग्राहक सेवेचे नंबर आणि मालकाची हँडबुकं मिळून इंजिन बांधता येत नाही. हँडबुक सांगतं, ऑइल कधी बदला. ऑइल न बदलल्यावर काय करायचं ते वर्कशॉप मॅन्युअलमध्ये असतं.

आणि तपासणीची परंपरा आपल्याकडे नाही असंही नाही. एसटीसारख्या सार्वजनिक परिवहन उपक्रमांचे सुटे भाग तपासण्याचं काम पुण्याजवळ भोसरीची सीआयआरटी ही संस्था अनेक वर्षं करत आली आहे. एसटीच्या ताफ्याला मालाची परीक्षा घेण्याची सोय असते, कारण तिथे खरेदी घाऊक आणि खरेदीदार सरकारी असतो. एकच इंजिन, एकच रॉड आणि एकच पगार असलेल्या माणसानं मात्र होलोग्रामवर विश्वास ठेवायचा. होलोग्राम डब्याची ग्वाही देतो, रॉडची नाही. क्यूआरही फक्त एवढंच सांगतो की हा संकेतांक कंपनीच्या यादीत आहे. खरा रिकामा डबा भंगारात गेला आणि त्यात दुसरा रॉड भरला, तर तो क्यूआर बनावट मालाचीच हमी देत बसतो.

म्हणून माझ्या मागण्या चार आहेत.

1. मापपत्रक. देशात विकल्या गेलेल्या प्रत्येक इंजिनासाठी कनेक्टिंग रॉडचं एक पान दुरुस्तीच्या हक्काच्या पोर्टलवर कंपनीनं फुकट टाकावं, मॉडेल बंद झालं तरी पुढची निदान 15 वर्षं ते तिथे राहावं. त्यात हवं: दोन्ही तोंडांच्या मध्यांमधलं अंतर, दोन्ही बोअरची मापं आणि सहनमर्यादा, वाक आणि पीळ यांची मर्यादा, बाजूची आणि ऑइलची फट, वजनाचे गट आणि ते ओळखायची खूण, बोल्टाचा टॉर्क आणि तो पुन्हा वापरायचा की नाही. पार्ट नंबर मध्येच बदलला असेल तर कोणत्या इंजिन क्रमांकापासून बदलला, तेही. एका पानात हे सगळं मावतं.

2. खूण रॉडवर. कारखान्याचं चिन्ह, घडणीची खेप आणि वजनाचा गट डब्यावर न छापता रॉडच्याच अंगावर कोरावा. स्कॅन केल्यावर पान उघडावं ते या रॉडचं: कुठल्या खेपेचा, कोणत्या गटातला. डबा बदलता येतो, दांड्यावर कोरलेला आकडा तितक्या सहज बदलत नाही.

3. मापून परत करण्याचा हक्क. इंजिनात न चालवलेला रॉड, मापाच्या नोंदीसह, ठराविक दिवसांत परत घेणं विक्रेत्याला बंधनकारक करा. चाललेला रॉड आणि फक्त मापलेला रॉड यांतला फरक कुठलाही मशीनवाला दाखवून देईल. चाललेल्याच्या लहान तोंडात पिनेची घासण असते आणि अंगभर ऑइलचा डाग. लबाडी पकडणं अवघड नाही.

4. एका नगाची परीक्षा. राष्ट्रीय परीक्षणशाळेनं सामान्य ग्राहकाकडून एकच रॉड घेऊन कडकपणा, धातूची घडण आणि भेगा तपासून द्याव्यात, दर जाहीर करून. ग्राहक आयोगाला माल प्रयोगशाळेत पाठवण्याचा अधिकार आहे, पण आयोगापर्यंत प्रकरण जातं तेव्हा रॉडचे तुकडे ऑइलच्या चेंबरमधून वेचलेले असतात, आणि "तुमच्या मेकॅनिकनं बोल्ट नीट आवळला नाही" हे उत्तर तयार असतं. परीक्षा आधी झाली तर हे उत्तर टिकणार नाही.

कंपन्यांचे आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला: ही आमची बौद्धिक संपदा आहे. पोलादाची नेमकी कृती, फोर्जिंगचं तापमान, साच्याचा आराखडा हे जरूर त्यांचं. ते कुणी मागत नाही. पण दुरुस्तीची मर्यादा हे गुपित असूच शकत नाही, कारण ती शेकडो डीलरांच्या वर्कशॉपांत आज रोज वाचली जाते. दुसरा: मापं दिली तर नकली माल आणखी चांगला होईल. नकली माल करणाऱ्याला मापाची पर्वाच नसते. तो डबा छापतो. मापाची गरज प्रामाणिक कारखानदाराला आणि तपासणाऱ्याला आहे. तिसरा: छोट्या गॅरेजांकडे साधनं नाहीत. साहेब, उद्यमनगरात या. मायक्रोमीटर, बोअर गेज, डायल गेज ही आमच्याकडे रोजची हत्यारं आहेत, आणि पोरं ती डोळे झाकून वापरतात. ज्यांच्याकडे नाहीत ते आमच्याकडे येतात. मापायचे पैसे एका नव्या शेल-सेटच्याही किमतीचे होत नाहीत.

काही कंपन्या आता सुटा रॉड विकतच नाहीत, अख्खा शॉर्ट ब्लॉक, म्हणजे क्रँक, रॉड आणि पिस्टन बसवलेला ब्लॉक, घ्या म्हणतात. जुनी गाडी असलेल्या माणसासाठी त्याचा अर्थ 'गाडी टाका' एवढाच होतो. गाडी भंगारात काढायची की नाही हे सरकारचं धोरण आणि मालकाची ऐपत ठरवेल. एका दांड्याच्या अनुपलब्धतेनं ते ठरू नये.

आमच्या धंद्याकडूनही काही देणं लागतो. बिल न देण्या-घेण्याची सवय आमच्यातच आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून सुट्या भागांवरचा जीएसटी सरसकट 18 टक्के झाला, त्यामुळे 28 टक्क्यांची जुनी सबबही गेली. गाडी असलेल्या वाचकांना आणि मेकॅनिक मित्रांना माझं सांगणं: पार्ट नंबर लिहिलेलं पक्कं बिल घ्या. रॉड घेताना चॅसी नंबर आणि इंजिन नंबर दोन्ही सांगा, कारण एकाच मॉडेलमध्ये रॉड बदललेले असू शकतात. एकच रॉड बदलायचा असेल तर जुन्या तिघांचं वजन करून मगच नवा घ्या. कॅपांची कधीही अदलाबदल करू नका. जुने रॉड इंजिन पूर्ण बांधून होईपर्यंत फेकू नका, नव्याशी ताडून पाहायला तेच कामी येतात. आणि रिकामा डबा भंगारवाल्याला देण्याआधी फाडा, होलोग्राम खरवडून काढा.

सचिव महोदय, या चार मागण्यांतली पहिली सगळ्यांत स्वस्त आहे. तिला नवी प्रयोगशाळा लागत नाही, मोठा निधी लागत नाही. कंपन्यांच्या संगणकात पडून असलेलं एक पान बाहेर काढायचं आहे. येत्या राष्ट्रीय ग्राहक दिनापर्यंत आपण एवढंच करा: देशाच्या रस्त्यांवर सर्वाधिक संख्येनं असलेल्या दहा इंजिनांची मापपत्रकं कंपन्यांकडून मागवून पोर्टलवर टाका. दिली नाहीत, तर कोणी दिली नाहीत त्यांची नावं टाका. पुढचं काम आम्ही करू. मापायला माणसं आणि हत्यारं दोन्ही तयार आहेत.

आपला,
उद्यमनगरातला एक इंजिन मशीनवाला